स्वतःचें माप

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण आपण बहुधा दुसऱ्याचा उपहास करण्यासाठींच वापरतों. परंतु त्या म्हणीच्या पोटांत मानसशास्त्रांतील एक मोठें तत्त्व दडलेलें आहे, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें. गाय तीच असते आणि तिचा पायही तोच असतो. भोंवतीं वासरें असलीं म्हणजे ती शहाणी ठरते. धट्ट्याकट्ट्या गाईंच्या कळपांत गेली म्हणजे तीच लंगडी ठरते. बदललेलें असतें तें केवळ तिला मोजण्याचें माप. मनुष्याच्या आयुष्यांत असे माप बदलण्याचे प्रसंग अनेकदां येतात. शाळा बदलते, गांव बदलतें, विद्यार्थिदशा संपून नोकरी लागते, लग्न होतें, आणि शेवटीं नोकरी संपून निवृत्तीही येते. अशा प्रत्येक वळणावर ‘मी कोण, आणि माझी किंमत काय?’ हा प्रश्न नव्यानें पुढें उभा राहतो. नव्या शाळेंत येणाऱ्या व ही शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थी बंधुभगिनींस या प्रश्नाचा उलगडा उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच केला आहे.

अशी कल्पना करा कीं, लहान गांवांतील शाळेंत सात वर्षें सतत पहिला आलेला एक मुलगा आठवीसाठीं शहरांतील मोठ्या विद्यालयांत आला आहे. गांवीं ‘हुशार मुलगा’ हें जणूं त्याचें दुसरें नांवच होतें. शाळा तपासणीस साहेब आले कीं मास्तर त्यालाच उभें करीत. शेजारच्या बायका आपल्या मुलांना त्याचा दाखला देत. येथें पहिल्या सहामाहींत त्याचा क्रमांक तेविसावा आला. गणितांत त्याला गांवीं मिळत असत तेवढेच गुण येथेंही मिळाले आहेत. त्याची मेहनत कमी झालेली नाहीं. तथापि रात्रीं वसतिगृहांतील दिवे मालविल्यावर तो उशींत तोंड खुपसून मनाशीं म्हणतो, “मी हुशार नव्हतोंच!” या एका वाक्याची फोड करणें हाच या लेखाचा विषय होय.

या वाक्यांत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. त्यांपैकीं पहिली स्वप्रतिमा. मी कोण आहें व कसा आहें, यासंबंधीं प्रत्येकाच्या मनांत जें चित्र असतें त्यास स्वप्रतिमा म्हणावें. ‘मी कोंकणांतला’, ‘मी घरांतला थोरला’, ‘मला पोहतां येतें’, ‘चारचौघांत बोलतांना माझी जीभ अडखळते’, अशा अनेक रेघांनीं तें चित्र बनलेलें असतें. त्या रेघा बऱ्या नव्हेत कीं वाईटही नव्हेत. तें केवळ वर्णन आहे. दुसरी गोष्ट आत्मादर. त्या चित्राकडे पाहून आपण त्याची जी किंमत करतों ती म्हणजे आत्मादर. दोघी सख्ख्या बहिणी सारख्याच ठेंगण्या असतात. एक आपल्या उंचीवर स्वतःच विनोद करून सर्वांस हंसविते, दुसरी फोटो काढावयाची वेळ आली कीं मागच्या खोलींत निघून जाते. चित्र एकच, किंमत मात्र भिन्न. आणि ही किंमत ज्या गजानें मोजली जाते तो गज, म्हणजे स्वतःसाठीं ठरविलेला मानदंड, ही तिसरी गोष्ट होय. आपल्या त्या मुलाच्या स्वप्रतिमेंतील एकही रेघ खऱ्या अर्थानें पुसली गेली नव्हती. गज बदलला, त्यामुळें किंमत उतरली, आणि किंमत उतरली म्हणून चित्रच खोटें होतें असें त्यानें ठरविलें.

आत्मादर या शब्दाविषयीं येथेंच एक खुलासा करणें अवश्य आहे. पुष्कळ लोक आत्मादर आणि गर्व हे एकच समजतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनीं न्यूयॉर्क राज्यांतील दहा माध्यमिक शाळांमधील पांच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं वापरलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. आत्मादर म्हणजे ‘मी इतरांहून श्रेष्ठ आहें’ ही भावना नव्हे, तर ‘मी माणूस म्हणून पुरेसा आहें’ ही भावना होय, असें त्यांनीं स्पष्ट केलें आहे. गर्वाला उभें राहण्यासाठीं दुसरा कोणी तरी खुजा असावा लागतो; आत्मादराला तशी गरज नसते. म्हणूनच जो केवळ पहिल्या क्रमांकावर उभा असतो त्याचा गर्व एका निकालासरशीं कोसळतो, आणि कोसळल्यावर लक्षांत येतें कीं त्याच्या खालीं आत्मादराचा पाया फारसा घातलेलाच नव्हता.

मग ही किंमत आपण शिकतों कोठून? चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञानें १९०२ सालीं याचें एक मार्मिक उत्तर दिलें. त्याच्या मतें इतर माणसें हा आपला आरसा होय. मी दुसऱ्यास कसा दिसत असेन, याची आपण प्रथम कल्पना करतों. मग त्याचें मत काय झालें असेल, याची कल्पना करतों. आणि त्या कल्पनेवरून अभिमान तरी बाळगतों, किंवा शरमिंधे तरी होतों. यांतील ‘कल्पना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समोरच्याचें खरें मत आपणांस क्वचितच ठाऊक असतें. नव्या वर्गांत आपण उत्तर चुकलों आणि मागच्या बाकावर कोणी हंसलें, म्हणजे तें आपणांसच हंसलें असें आपण धरून चालतों. वस्तुतः तो मागचा मुलगा खिशांतील फुटाण्यांमुळें हंसत असेल! जुन्या गांवीं आपले आरसे ओळखीचे असतात. नव्या ठिकाणीं सगळेच आरसे अनोळखी असतात, आणि त्यांत आपण आपल्या भीतीचेंच तोंड पाहतों.

या विषयाची सर्वांत सुटसुटीत मांडणी मात्र त्याहूनही जुनी आहे. विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील दोन खंडांच्या ग्रंथांत आत्मादर एका अपूर्णांकाच्या रूपानें मांडला आहे. अंशस्थानीं आपलें यश, आणि छेदस्थानीं आपण स्वतःकडून बाळगलेली अपेक्षा. आपल्या त्या मुलाचेंच उदाहरण घेऊं. गांवीं त्याचें यश सहा आणि अपेक्षाही सहा. उत्तर पूर्ण एक. शहरांत आल्यावर यश सहाचें सहाच राहिलें, पण वर्गांतील मुलें पाहून अपेक्षा बारा झाली. उत्तर निम्म्यावर आलें. अंश तसूभरही न हलतां मनुष्य निम्मा होतो, तो असा!

जेम्सनें यापुढें जाऊन आणखी एक गोष्ट दाखविली. छेदस्थानीं काय ठेवावयाचें हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असतें. मी मानसशास्त्रज्ञ म्हणून सर्वस्व पणास लावलें असल्यामुळें त्या विषयांत दुसरा कोणी अधिक जाणता निघाला तर मला लाज वाटते. परंतु ग्रीक भाषेच्या बाबतींत मी अडाणी आहें, याची मला यत्किंचितही खंत नाहीं, अशा आशयाचें तो लिहितो. त्याला हें पुस्तकांतून सुचलें नव्हतें. त्यानें तें भोगलें होतें. तरुणपणीं तो चित्रकला शिकावयास गेला. ती सोडून १८६१ सालीं हार्वर्ड येथें रसायनशास्त्राकडे वळला. पुढें वैद्यक घेतलें. १८६५ सालीं शास्त्रीय मोहिमेबरोबर ब्राझीलला गेला. १८६९ सालीं वैद्यकाची पदवी मिळविली, पण वैद्यकीचा धंदा कधींच केला नाहीं. त्यानंतर गाढ निराशेचा काळ आला. १८७० सालीं त्यानें आपल्या रोजनिशींत निश्चय लिहून ठेवला कीं, मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे यावर विश्वास ठेवणें हेंच आपलें स्वतंत्र इच्छेचें पहिलें कृत्य होय. ज्या ग्रंथानें त्याचें नांव झालें त्याचा करार १८७८ सालीं झाला होता आणि तो लिहून पुरा व्हावयास बारा वर्षें लागलीं. चित्रकार होण्याची अपेक्षा त्यानें छेदांतून काढून टाकली. खरेपणानें विचार करण्याची अपेक्षा मात्र त्यानें कधींच काढली नाहीं.

गज बदलल्यानें किंमत बदलते, ही केवळ कल्पना नव्हे. ऑस्ट्रेलियांत काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनीं १९८४ सालापासून या गोष्टीचा शोध घेतला. सारख्याच बुद्धीचे दोन विद्यार्थी घेतले, त्यांतील एक सामान्य शाळेंत व दुसरा निवडक हुशार मुलांच्या शाळेंत असला, तर दुसऱ्याचा स्वतःच्या अभ्यासाविषयींचा विश्वास बहुधा कमी असतो, असें त्यांना आढळलें. पुढें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत २६ देशांतील एक लक्षाहून अधिक विद्यार्थ्यांच्या बाबतींत हाच प्रकार दिसून आला. सारांश, त्या रात्रीं उशींत तोंड खुपसणारा मुलगा एकटा नाहीं. त्याच्याच वयाचीं मुलें देशोदेशीं तोच हिशेब चुकत आहेत. आणि अलीकडे तर वर्ग चार भिंतींचाही राहिलेला नाहीं. मोबाईलच्या पडद्यावर साऱ्या जगाची निवडक यशें व निवडक मुखडे आपल्यापुढें मांडलेले असतात. अशा बाजारांत आपला गज आपल्या हातीं न राहिला तर नवल कसलें?

विद्यार्थ्यांचीच ही व्यथा आहे असें मात्र कोणी समजूं नये. माहेरीं जिच्या हातची आमटी सर्वांस आवडे, तिला सासरीं पहिल्याच दिवशीं ‘आमच्यांत गूळ घालतात हो!’ असें ऐकावें लागतें. तीस वर्षें ज्याच्या टेबलाशीं लोक ताटकळत उभे राहिले, तो अधिकारी निवृत्त झाल्यावर सकाळीं वर्तमानपत्र दोनदां वाचून होतें तरी दहा वाजत नाहींत. गांवीं स्वतःच्या शेतावर मालक असलेला मनुष्य शहरांत दुसऱ्याच्या दारावर पहारा करतो. यांपैकीं कोणाचाही गुण नाहींसा झालेला नसतो. त्या गुणाला ओळखणारें माप तेवढें मागें राहिलेलें असतें.

अशा वेळीं लोक सामान्यतः तीन उपाय करतात, आणि तिन्ही फसवे आहेत. पहिला उपाय कोल्ह्याचा. द्राक्षें हातीं लागत नाहींत, म्हणून तीं आंबट. गणित जमलें नाहीं कीं ‘गणिताचा उपयोगच काय?’ असें म्हणावयाचें. यानें छेद लहान होतो हें खरें, पण त्याबरोबर मनुष्यही लहान होतो. दुसरा उपाय याच्या अगदीं उलट. छेद इतका वाढवावयाचा कीं कोणतेंही यश त्याला पुरूं नये. असा विद्यार्थी शंभरांपैकीं सत्त्याण्णव गुण मिळवितो आणि गेलेल्या तीन गुणांसाठीं रात्रभर जागतो.

तिसरा उपाय स्तुतीचा. मुलाला ‘तूं थोर, तूं थोर’ असें म्हणत राहिलें म्हणजे तो थोर होईल, असें मानणारेही पुष्कळ आहेत. कॅलिफोर्निया राज्यानें १९८६ सालीं आत्मादर वाढविण्यासाठीं चक्क एक सरकारी मंडळ नेमलें आणि १९९० सालीं त्या मंडळाचा अहवाल बाहेर पडला. परंतु २००३ सालीं रॉय बॉमाइस्टर व त्यांचे तीन सहकारी यांनीं तोंवर झालेल्या संशोधनाची छाननी केली, तेव्हां असें दिसलें कीं, आत्मादर असणारीं माणसें अधिक समाधानी असतात हें खरें. पण केवळ आत्मादर फुगविल्यानें अभ्यास सुधारत नाहीं. उलटपक्षीं चांगला अभ्यास झाल्यामुळें आत्मादर कांहींसा वाढतो. फुगा फुंकून डोंगर होत नाहीं, हें आपल्या आजीला संशोधनावांचूनही ठाऊक होतें.

मग खरा उपाय कोणता? त्यासाठीं मानदंडाकडे अधिक बारकाईनें पाहिलें पाहिजे. टोरी हिगिन्स या मानसशास्त्रज्ञानें १९८७ सालीं असें दाखविलें कीं, मनुष्य आपल्यापाशीं स्वतःचीं तीन रूपें बाळगीत असतो: जसा मी आहें तो, जसा व्हावें असें वाटतें तो, आणि जसा असणें माझें कर्तव्य आहे तो. पहिल्या व दुसऱ्या रूपांत अंतर पडलें तर मन खिन्न होतें. पहिल्या व तिसऱ्यांत पडलें तर मनाला धाकधूक लागते. शिवाय हीं रूपें आपणच रेखाटलेलीं असतात असेंही नाहीं. कांहीं वडिलांनीं, कांहीं मास्तरांनीं, कांहीं शेजाऱ्यांनीं रेखाटलेलीं असतात. म्हणून वळणावर उभें राहिल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, कीं ज्या गजानें मी स्वतःस मोजीत आहें तो गज कोणाचा? तो मीं पारखून घेतला आहे, कीं कोणी तरी हातांत दिला म्हणून धरला आहे?

या प्रश्नाचें उत्तर आचरणानें देणारा एक पुरुष आपल्याच प्रांतांत होऊन गेला. कोंकणांतील मुरूड गांवचे धोंडो केशव कर्वे हे लहानपणीं कमालीचे बुजरे होते. एका सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं ते सोबत्यांसह सह्याद्रि ओलांडून शंभर मैलांहून अधिक अंतर पायीं चालत साताऱ्यास गेले, आणि तेथें ‘वयानें लहान दिसतो’ एवढ्यावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें गेलें नाहीं. मॅट्रिकची परीक्षा ते १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं उत्तीर्ण झाले. बरोबरीच्यांच्या गजानें मोजलें असतें तर हा मनुष्य मागें पडलेलाच ठरला असता. पुढें १८९१ सालीं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले आणि गांवाचा मान त्यांच्याकडे चालून आला. पण प्रथम पत्नीच्या निधनानंतर १८९३ सालीं त्यांनीं एका विधवेशीं पुनर्विवाह केला, तेव्हां त्याच मुरूडच्या लोकांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला. कालपर्यंत ज्या आरशांत मानकरी दिसत होता, त्याच आरशांत आज बहिष्कृत दिसूं लागला. कर्व्यांनीं आरसा फोडला नाहीं, गांवाला शिव्याशाप दिले नाहींत. आणि स्वतःचा गजही खालीं ठेवला नाहीं. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. पुढें तो हिंगण्यास गेला, तेव्हां कॉलेजांतील शिकवणें संपवून ते हिंगण्याची वाट पायीं तुडवीत. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९५८ सालीं, वयाच्या शंभराव्या वर्षीं, त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली. परंतु त्यांची किंमत त्या दिवशीं वाढली असें कोण म्हणेल? बहिष्काराच्या दिवशीं ती जेवढी होती तेवढीच ती पदवीच्या दिवशींही होती. लोकांचें माप मात्र तेथवर पोंचावयास पासष्ट वर्षें लागलीं.

आतां व्यवहारांत उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतों. पहिली, वर्णन आणि निवाडा वेगळा करावयास शिकावें. ‘मी हुशार नव्हतोंच’ हा निवाडा आहे. ‘या वर्गांत पहिल्या सहामाहींत माझा तेविसावा क्रमांक आला’ हें वर्णन आहे. वहींत दोन्ही वाक्यें एकाखालीं एक लिहून पाहावीं, म्हणजे पहिल्यांत आपण पदरचें किती घातलें तें कळतें. दुसरी, सारें ओझें एकाच खुंटीवर टांगूं नये. ज्याची सारी किंमत गुणपत्रिकेवर टांगलेली आहे, त्याची खुंटी निघाली कीं सर्वच खालीं येतें. आपण कोणाचे भाऊ, कोणाची बहीण, कोणाचे मित्र असतों. कोणाला सुतारकाम येतें, कोणी आजाऱ्याजवळ रात्र जागूं शकतो. हींही आपल्याच स्वप्रतिमेचीं अंगें आहेत, आणि तीं नव्या गांवींही आपल्याबरोबर येतात.

तिसरी गोष्ट अशी कीं, मानदंडांत कोणता भाग बदलण्याजोगा व कोणता नाहीं, याचा विवेक ठेवावा. अमुक क्रमांक, अमुक कॉलेज, अमुक हुद्दा, या अपेक्षा परिस्थिति पाहून कमीजास्त करण्यांत कमीपणा नाहीं. खरें बोलणें, घेतलेलें काम पुरें करणें, दुबळ्यास न दुखविणें, यांत मात्र सवलत घेऊं नये. कारण हे मानदंड कोणत्याही गांवांत, कोणत्याही वर्गांत बदलत नाहींत आणि ते पाळण्यास पहिला क्रमांक लागत नाहीं. चौथी गोष्ट, नव्या ठिकाणीं स्वतःस थोडा अवधि द्यावा, आणि तुलना करावयाचीच तर कालच्या स्वतःशीं करावी. लावणीच्या भाताचें रोप तरव्यांतून उपटून खाचरांत लावलें म्हणजे पहिले कांहीं दिवस मलूल दिसतें. शेतकरी त्याला रोगट म्हणून फेकून देत नाहीं. मात्र मन आठवडेच्या आठवडे उदास राहिलें, अन्नावरची वासना व झोंप उडाली, जगणें नकोसें वाटूं लागलें, तर तें मनांत दडपून ठेवूं नये. आईवडिलांस, शिक्षकांस किंवा वैद्यास तात्काळ सांगावें. ताप आला असतां आपण लाजत नाहीं. मनाच्या तापाचीही लाज धरूं नये.

शेवटीं, जे विद्यार्थी येथें जुने आहेत त्यांना एक विनंति. प्रत्येकजण दुसऱ्याचा आरसा असतो, हें कूलीचें म्हणणें खरें असेल, तर आपणही कोणाचे तरी आरसे आहों. येत्या जूनमध्यें वसतिगृहांत शेजारच्या खाटेवर नवा मुलगा येईल. वर्गांत तुमच्या बाकावर नवी मुलगी येऊन बसेल. त्यांची पत्र्याची पेटी, त्यांची गांवाकडची बोली, त्यांचे चुकणारे शब्द यांकडे तुम्ही कोणत्या डोळ्यांनीं पाहाल, त्यावर त्यांच्या मनांतील चित्राचा रंग कांहीं काळ तरी ठरणार आहे. त्या मुलाला तुम्हीं एवढेंच विचारावें, “गांवीं तुझ्या शाळेंत काय काय होतें?” तो सांगूं लागेल. सांगतां सांगतां आपण सात वर्षें जें मिळविलें तें अजून आपल्यापाशींच आहे, हें त्याचें त्यालाच आठवेल, आणि त्या रात्रीं दिवे मालविल्यावर तो बहुधा मनाशीं म्हणेल, “येथलें माप मोठें आहे, मला अजून वाढावयाचें आहे.”